हृदय प्रत्यारोपणानंतर गावी परतल्यावर व्यायाम कसा करावा

हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होते, सुरुवातीचे काही महिने तपासण्यांसाठी रुग्णाला त्याच शहरात खोली घेऊन राहावे लागते, आणि त्यानंतर तो यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत येतो. शहरात फिजिओथेरपिस्टची सोय जवळ असते. गावात ती बहुधा नसते. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र एकच सल्ला देऊन जातो: "एवढं मोठं ऑपरेशन झालं, आता काई करू नोको, बसून राय." हा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी तो चुकीचा आहे, आणि तो मानल्यामुळे एवढ्या कष्टाने मिळालेल्या हृदयाचा मोठा उपयोग वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे की प्रत्यारोपणापर्यंत पोहोचलेला रुग्ण त्याआधी अनेक महिने, कधी अनेक वर्षे, धाप लागत असल्यामुळे जवळपास बसूनच असतो. त्या काळात त्याच्या मांड्या, पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू झिजलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांत अंथरुणातल्या दिवसांची आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांची भर पडते. नवे हृदय रक्त पुरेसे ढकलते, परंतु ते वापरणारे पाय दुबळे असतात, म्हणून माणूस थकतो आणि थकव्याचा दोष हृदयाला देतो. १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यारोपण झालेल्या २७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला सहा महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम दिला आणि दुसऱ्याला घरी करायच्या फक्त लेखी सूचना दिल्या. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात ४९ टक्के वाढली, दुसऱ्यात १८ टक्के. हृदय दोन्ही गटांचे नवेच होते. फरक पडला तो व्यायामामुळे.

पुढील सर्व सूचना, ट्रान्सप्लांट टीमने व्यायामाची परवानगी दिली आहे आणि शक्यतो ती डिस्चार्ज कार्डावर लिहून दिली आहे, असे गृहीत धरून दिलेल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळी मर्यादा सांगितली असेल, तर त्यांचाच शब्द पाळावा.

नवे हृदय वेगळे का वागते

जन्मजात हृदयाला मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत सतत आज्ञा मिळत असतात. काही तंतू त्याचा वेग वाढवतात, काही तो आवरून धरतात. दात्याच्या शरीरातून हृदय काढताना हे तंतू कापले जातात आणि नव्या शरीरात ते शिवून जोडता येत नाहीत. वेग आवरणारी आज्ञा पोहोचत नसल्यामुळे प्रत्यारोपित हृदय विश्रांतीतही मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके देते. बोटाला ऑक्सिमीटर लावून १०० चा आकडा दिसला म्हणून घरच्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. या हृदयाची ती नेहमीची चाल असते.

व्यायामाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. चालायला सुरुवात करताच जन्मजात हृदय काही क्षणांत वेग घेते. प्रत्यारोपित हृदयाला मात्र मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून सुटलेले ॲड्रेनलिन रक्तातून येऊन पोहोचेपर्यंत थांबावे लागते. विहिरीवरची मोटर सुरू केल्यावर वावराच्या शेवटच्या सरीत पाणी पोहोचायला जसा वेळ लागतो, आणि मोटर बंद केल्यावरही सरीतले पाणी काही वेळ वाहत राहते, तसे हे आहे. समजा, तुम्ही बाजेवर बसलेले असताना नाडी ९८ आहे. चालायला लागून दोन मिनिटे झाली तरी ती १०० च्या आसपासच रेंगाळते, आठव्या-दहाव्या मिनिटाला ११५ पर्यंत चढते, आणि घरी येऊन ओट्यावर टेकल्यानंतर तीन मिनिटांनीही मोजली तर ११५ च्या खाली आलेली नसते. पहिल्या महिन्यांत नाडीचा सर्वांत मोठा आकडा चालणे थांबवल्यानंतरच दिसू शकतो. यात बिघाड काही नाही. मात्र तुमची व्यायामाची पद्धत यावरूनच ठरते.

म्हणून कोणत्याही व्यायामाआधी किमान दहा मिनिटे अगदी सावकाश हालचाल करावी, व्यायाम संपल्यावर पुन्हा दहा मिनिटे वेग उतरवत न्यावा आणि मगच बसावे. चालता चालता एकदम थांबणे, किंवा बसलेले असताना तडक उठून झपाझप चालू लागणे, या दोन्ही गोष्टींनी चक्कर येऊ शकते. वयानुसार नाडी अमुक आकड्यापर्यंत न्यावी, हे मोबाइलवर किंवा जिममध्ये सांगितले जाणारे गणित या हृदयाला लागू पडत नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर नाडी आणखीच कमी चढते, कारण ती गोळी ॲड्रेनलिनचेच काम रोखते.

काहींच्या बाबतीत वर्षभरानंतर काही तंतू पुन्हा वाढतात आणि नाडीची चाल थोडी सुधारते. कोणाच्या बाबतीत किती सुधारेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे सावकाश सुरुवात आणि सावकाश शेवट ही सवय कायमच ठेवावी.

याच कापलेल्या तंतूंमुळे आणखी एक धोका राहतो. हृदयाला रक्त कमी पडले की छातीत कळ येते, ती कळ मेंदूपर्यंत नेणारे तंतूही कापलेले असतात. प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्या काही वर्षांत अरुंद होत जाण्याचा आजार अनेकांना होतो आणि तो बहुधा छाती न दुखताच वाढतो. त्यामुळे छाती दुखत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजू नये. नेहमीच्या अंतराला नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे हाच तुमच्यासाठी इशारा आहे.

मग जोर कशावर मोजायचा

जोर श्वासावर मोजायचा. फिजिओथेरपिस्ट यासाठी बोर्गची मोजपट्टी वापरतात. तिच्यात ६ म्हणजे स्वस्थ बसणे आणि २० म्हणजे जिवाच्या आकांताने केलेले काम. तुमचा व्यायाम ११ ते १३ च्या दरम्यान, म्हणजे "हलके" ते "थोडे जड" इथपर्यंत असावा. मोजपट्टी हाताशी नसेल, तर चालताना सोबत्याशी बोलून पाहावे. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येते, पण भजन म्हणायला गेलो तर दम अपुरा पडतो, हा योग्य वेग होय. भजन सहज म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग ताबडतोब कमी करावा. सुरुवातीच्या आठवड्यांत ११ च्या वर जाण्याची घाई करू नये.

पहिले तीन महिने: छातीचे हाड

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून नंतर तारेने बांधलेले असते. ते जुळायला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात, स्टेरॉइडमुळे हा काळ लांबू शकतो, आणि म्हणून पूर्ण तीन महिने सांभाळणे शहाणपणाचे ठरते. या काळात चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. पाण्याने भरलेला गुंड, तुरीची चुंगडी, अंगावर झेप घेणारे नातवंड, हे सगळे या मर्यादेच्या बाहेरचे आहे. विहिरीतून दोराने पाणी ओढणे, हातपंप हापसणे, बंद पडलेली मोटारसायकल ढकलणे, दाव्याला हिसका देणाऱ्या जनावराला आवरणे, यांत वजन उचललेले दिसत नाही, पण छातीच्या हाडावर ताण तेवढाच येतो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवणे या काळात बंद ठेवावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसणेही टाळलेले बरे.

बाजेवरून उठण्याची पद्धत घरातल्या एका तरी माणसाने नीट शिकून घ्यावी. दोन्ही हातांनी बाजेची कड धरून सरळ उठणे हीच बहुतेकांची सवय असते आणि नेमकी तीच घातक आहे. आधी दोन्ही टोंगळे वाकवावेत, खांदे आणि कंबर एकत्रच वळवून कुशीवर व्हावे, पाय बाजेखाली सोडावेत, आणि पायांच्या वजनाने धड आपोआप उचलले जात असताना कोपराचा अगदी हलका आधार घेऊन बसावे. बसल्यावर एक-दोन मिनिटे तसेच थांबावे आणि मग उभे राहावे. सैल सुतळीची बाज यासाठी गैरसोयीची असते, कारण तिच्या झोळात शरीर रुतते. तीन महिन्यांपुरता लाकडी दिवाण किंवा तख्तपोस वापरावा. खोकताना आणि शिंकताना छातीशी उशी घट्ट धरावी.

हात अजिबात हलवू नयेत असा मात्र याचा अर्थ नाही. खांदे गोल फिरवणे, दोन्ही हात एकाच वेळी पुढून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणे, मान सावकाश वळवणे, या हालचाली दिवसातून दोन-तीन वेळा केल्या नाहीत तर खांदे आखडतात आणि पाठीला पोक येऊ लागतो. रुग्णालयातून दिलेले तीन छोट्या चेंडूंचे श्वासाचे यंत्र कपाटात ठेवून न देता डॉक्टर सांगतील तोपर्यंत वापरावे. हाडात कट्कट आवाज येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, छातीचे दोन भाग वेगवेगळे हलतात असे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे.

चालणे

गावात करता येण्यासारखा सर्वांत उपयोगी व्यायाम चालणे हाच आहे. घरी आल्यावर सुरुवातीला एका वेळी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा, अंगणात किंवा घरासमोरच्या सपाट रस्त्यावर चालावे. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवावीत. आधी वेळ वाढवावा आणि वेग वाढवण्याचा विचार त्यानंतर करावा, कारण वेगाच्या मोहाने थकून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणारे रुग्ण पुढचे चार दिवस चालतच नाहीत. सलग तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे, हे गाठायचे ठिकाण समजावे. ते कोणी तिसऱ्या महिन्यात गाठतो, कोणी सहाव्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या दहा-दहा मिनिटांची सावकाश चाल या तीस मिनिटांशिवाय वेगळी धरावी.

अंतर मोजण्यासाठी रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांचा चांगला उपयोग होतो. आज किती खांबांपर्यंत गेलो आणि तिथे पोहोचल्यावर श्वास कसा होता, एवढे वहीत लिहिले तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना बरेच काही कळते. जितके गेलो तितकेच परत यायचे असते हे लक्षात ठेवून, निम्मा दम शिल्लक असतानाच वळावे. पहिले काही महिने सोबत माणूस आणि खिशात मोबाइल असल्याशिवाय गावाबाहेर जाऊ नये. डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता निवडावा. पावसाळ्यातला पांदण रस्ता टाळावा, कारण चिखलात घसरून पडणे स्टेरॉइडने ठिसूळ झालेल्या हाडांना परवडणारे नाही. रस्ते अगदीच वाईट असतील तर जिल्हा परिषद शाळेचे मैदान, समाजमंदिराचे आवार किंवा घरातला लांब सोपाही चालतो.

पायांत बंद बूट असावेत. अनवाणी चालणे आता कायमचे सोडावे, कारण शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि पायाला लागलेली साधी काडीही महागात पडते. गावातली कुत्री ही खरी अडचण आहे, म्हणून सोबत काठी ठेवावी. कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठावे आणि तिथे प्रत्यारोपण झाल्याचे आधी सांगावे.

मांड्यांची आणि हाडांची ताकद

स्टेरॉइड सर्वांत आधी मांड्या आणि खुब्याचे स्नायू पोखरते, आणि पाठीच्या मणक्यांतले कॅल्शियमही कमी करते. भारतीय पद्धतीच्या संडासात बसल्यावर हाताने कशाला तरी धरल्याशिवाय उठता येत नाही, हे त्याचे पहिले घरगुती लक्षण असते. चालण्याने दमसास वाढतो, पण स्नायूंची ही झीज भरून काढायला वजनाचा व्यायाम लागतो. प्रत्यारोपणानंतर कमी झालेली हाडांची घनताही अशा व्यायामाने भरून येऊ शकते, हे अभ्यासांत दिसलेले आहे. गावाकडे हा भाग जवळजवळ नेहमीच राहून जातो, म्हणून मी त्यावर विशेष भर देत आहे.

पायांचा पहिला व्यायाम पहिल्या तीन महिन्यांतही करता येतो, कारण त्यात छातीवर ताण येत नाही. हत्ते नसलेली पक्की लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे ती मागे सरकणार नाही. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले खांद्यांइतक्या अंतरावर आणि टोंगळ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, हात छातीवर सैल ठेवावेत. धड थोडे पुढे झुकवून, तोंडाने श्वास सोडत सोडत उभे राहावे; उभे राहिल्यावर एक श्वास घ्यावा; नंतर मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली बसावे. धप्पकन बसल्यास निम्मा व्यायाम वाया जातो, कारण सावकाश खाली येतानाही स्नायूला काम पडते. सुरुवातीला पाच वेळा पुरे. जमत नसेल तर खुर्चीवर घडी घातलेले घोंगडे टाकून उंची वाढवावी आणि ताकद येईल तसतशा घड्या कमी कराव्यात. पंधरा वेळा सहज जमू लागले की थोड्या विश्रांतीनंतर दुसरी फेरी करावी.

याच्या जोडीला खिडकीच्या गजाला हलका हात लावून टाचा उचलणे आणि ओट्याच्या एकाच पायरीवर चढणे-उतरणे एवढे पुरेसे होते.

हातांचा वजनाचा व्यायाम मात्र तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि हाड जुळल्याची खात्री डॉक्टरांनी दिल्यावरच सुरू करावा. त्यासाठी डंबेल विकत घेण्याची गरज नाही. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे साधारण एक किलो. सायकलची जुनी ट्यूब स्वच्छ धुऊन, कापून, खिडकीच्या गजाला मजबूत बांधली की ओढण्याचा पट्टा तयार होतो. तिच्यासमोर उभे राहून दोन्ही कोपरे मागे नेत ती ओढल्यास पाठीचे स्नायू मजबूत होतात आणि पुढे झुकलेले खांदे सरळ होतात. ट्यूबला चीर गेलेली नाही ना, हे दर वेळी पाहून घ्यावे. भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखे पुढे-मागे होणेही याच टप्प्यात सुरू करता येते. वजनाचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. जोर लावताना श्वास कधीही कोंडून धरू नये. मोठ्याने आकडे मोजत व्यायाम केला की श्वास आपोआप चालू राहतो. कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलणे कायमचे टाळावे, कारण मणक्यांना त्याचा धोका असतो.

कोणत्या दिवशी व्यायाम करू नये

रोज सकाळी औषधाच्या वेळेआधी वजन, ताप आणि रक्तदाब पाहण्याची सवय असावी. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, एका दिवसात एक किलो किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलेले वजन, पायांवर सूज, आडवे झाल्यावर लागणारी धाप, ठोक्यांची अनियमितता, किंवा काल जमलेले अंतर आज न जमणे, यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम बंद ठेवून ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करावा. ही शरीराने नवे हृदय नाकारण्याची, म्हणजे रिजेक्शनची, किंवा जंतुसंसर्गाची सुरुवात असू शकते. "उद्या पाहू" म्हणण्याची सवलत या आजारात नाही. रिजेक्शनचे उपचार चालू असताना चालणे किती ठेवायचे हे डॉक्टरच ठरवतील, आणि उपचारानंतर पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करावी. मानेच्या शिरेतून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी हृदयाचे बारीक तुकडे घेण्याची क्रिया, झाली असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि ताण लागणारे काम करू नये.

व्यायाम करताना चक्कर, अंधारी, थंड घाम, मळमळ किंवा न थांबणारी धाप जाणवली तर सावलीत बसावे आणि पाच-दहा मिनिटांत बरे न वाटल्यास १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपण झालेला रुग्ण याआधी पाहिलेला असेलच असे नाही. म्हणून खिशात एक कार्ड असावे. त्यावर प्रत्यारोपणाची तारीख, चालू औषधे, रुग्णालयाचा फोन नंबर आणि "हृदयाचे मज्जातंतू कापलेले आहेत, मंद नाडीवर ॲट्रोपिनचा उपयोग होणार नाही, हृदयविकारात छाती दुखेलच असे नाही" एवढा मजकूर तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

ऊन, धूळ आणि माती

विदर्भातला उन्हाळा हा या रुग्णांसाठी वेगळाच प्रश्न आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शरीरातले पाणी कमी झाले की टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती कमी ठेवणाऱ्या औषधाचा मूत्रपिंडांवर आधीच असलेला ताण वाढतो. मार्च ते जूनमध्ये पहाटे उजाडताच चालायला निघावे आणि ऊन चढण्याच्या आत घरी परतावे. ते जमले नाही तर त्या दिवशी घरातच खुर्चीचा व्यायाम करावा. पाणी किती प्यायचे याची मर्यादा डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची स्वतःची बाटली सोबत ठेवावी. प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांमुळे उन्हाने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून हिवाळ्यातही डोक्याला दुपट्टा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

माती, कुजलेला कडबा, ओले कुटार, शेणखत आणि कोंबड्यांची किंवा कबुतरांची विष्ठा यांत बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला त्यांचे काही वाटत नाही, पण या रुग्णाच्या फुप्फुसात ते जीवघेणा संसर्ग करू शकतात. सोयाबीनची मळणी चालू असताना त्या बाजूला चालायला जाऊ नये, जिनिंगच्या आसपास फिरू नये, आणि धूळ टाळणे अशक्य असेल तेव्हा एन-९५ मास्क वापरावा. पावसाळ्यात आणि त्यानंतर उंच गवतातून चालू नये, कारण गवतातल्या सूक्ष्म कीटकांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस आपल्याकडे आढळतो. घर शेणाने सारवण्याचे आणि गोठा झाडण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कायमचे घ्यावे. रुग्ण बाई असली की ही कामे न सांगता पुन्हा तिच्याकडेच येतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

व्यायाम आणि औषधे

टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने घ्यायचे असते; व्यायामासाठी ती वेळ पुढे-मागे करू नये. व्यायामाने अंग दुखणे स्वाभाविक आहे, पण त्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेऊ नये, आणि गावातल्या डॉक्टरांकडून दुखण्याचे इंजेक्शनही घेऊ नये, कारण टॅक्रोलिमससोबत ही औषधे मूत्रपिंडांना इजा करतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके स्टेरॉइडसोबत घेतल्यास टाचेमागची शीर दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो. ती चालू असताना टाचेमागे दुखू लागल्यास टाचा उचलणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना स्नायू असह्य दुखले किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर तो व्यायामाचा थकवा समजून सोडून देऊ नये.

स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या दोन्हींमुळे मधुमेह होऊ शकतो. इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी किंवा उपवासाच्या दिवशी व्यायाम करू नये आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. चालून आल्यावर फळ खायचे असल्यास ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण वर्ज्य समजावेत, कारण त्यांनी टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढते. आपल्या नागपुरी संत्र्याची जात वेगळी आहे आणि त्याचा तसा परिणाम होत नाही, तरी किती खावे हे साखर आणि पोटॅशियमच्या तपासणीनुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पुढचा टप्पा आणि शेतीकाम

सहा महिन्यांनंतर दम वाढलेला जाणवू लागतो आणि तरुण रुग्णांना जोरात धावून पाहण्याची इच्छा होते. स्कँडिनेव्हियातील ८१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काही मिनिटे जोरात आणि काही मिनिटे हळू अशा आलटूनपालटून केलेल्या व्यायामाने दमसास मध्यम व्यायामापेक्षा अधिक वाढला होता. परंतु तो व्यायाम आधी कसून तपासणी करून आणि देखरेखीखाली दिलेला होता. वार्षिक तपासणीत रक्तवाहिन्या चांगल्या असल्याचे दिसल्यावर डॉक्टरांनी स्वतः सांगितले तरच त्या वाटेने जावे. गावाच्या रस्त्यावर एकट्याने हा प्रयोग करू नये.

शेतीकडे परतण्याबाबत माझा सल्ला असा आहे की प्रत्यारोपणानंतरचा पहिला हंगाम वावरात राबण्याचा धरू नये. धुऱ्यापर्यंत चालत जाऊन पीक पाहणे, मजुरांचा हिशेब ठेवणे, मोबाइलवर मोटर चालू-बंद करणे एवढेच काम आपले समजावे. फवारणी, शेणखत पसरवणे, मळणी आणि पोती उचलणे ही कामे कायमची दुसऱ्याकडे सोपवावीत. दुसऱ्या हंगामात, डॉक्टरांची संमती असल्यास, सकाळच्या गारव्यात हातमोजे, मास्क आणि बूट घालून कापूस वेचण्यासारखे काम अर्ध्या तासापासून सुरू करता येते. ते सुरू करण्याआधीही वावरापर्यंत सावकाश चालत जावे, म्हणजे शरीर तयार होण्याची दहा मिनिटे त्यातच भागतात. कमरेची ओटी दोन-तीन किलोंची होताच रिकामी करावी, वेचताना कमरेतून वाकून न राहता टोंगळे वाकवावेत, आणि काम संपताच बांधावर न बसता परतीची वाट हळूहळू चालत घर गाठावे.